दाराच्या डाव्या हाताची होडी

नांगर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, लग्नपत्रिकेत एकदा छापून आलं, आणि त्यानंतर ते कुणाला लागलं नाही. बेटावर एकदा टोपणनाव पडलं की ते जन्माला पुरतं. हा माणूस होडी घेऊन निघाला की परत धक्क्याला लागेपर्यंत तिच्यातून पाय म्हणून बाहेर काढत नसे, म्हणून नांगर. मुलं नांगरकाका म्हणत. बायको एरवी ‘अहो’ म्हणे आणि चिडली की ‘अहो नांगर’, आणि तिला चिडायला फार काही लागत नसे.

त्याचं काम यात्रेकरू पोचवायचं. मोठ्या बेटाच्या धक्क्यावरून माणसं घ्यायची, पाऊण तास पाणी कापायचं आणि धाकट्या बेटावर उतरवायची. धाकटं बेट म्हणजे पाण्यातून सरळ वर आलेली एक टेकडी. माथ्यावर जुनं दगडी स्थान, एक दार, आत काळोखी खोली, बस्स. कुणी बांधलं, कधी बांधलं, याबद्दल जितकी तोंडं तितक्या हकिकती. पण लांबलांबून लोक येत, पायऱ्या चढून जात, उंबऱ्याशी बसून मनात असेल ते बोलत, आणि खाली येताना चेहऱ्याने वेगळेच होऊन येत. पावसाळा सोडून आठ महिने, दर रविवारी हे चाले.

आता अडचण अशी, की धाकट्या बेटाला धक्का नाही. तिथला खडक लाटांनी घोटून इतका गुळगुळीत झालेला, की होडीचा नांगर टाकला तरी धरत नाही. होडी सोडून गेलं तर पाच मिनिटांत तिचं सरपण व्हायचं. म्हणून इंजिन मंद चालू ठेवून, लांब बांबू हातात घेऊन, एकाने होडीत राहायचंच. लाट होडीला खडकाकडे ढकलणार, याने बांबू रेटून ती लांब ठेवायची, दोन तास. उतरायचं तेही लाटेच्या मर्जीने. लाट होडीला खडकाच्या पातळीला उचलते त्या क्षणी नांगर ‘आता’ म्हणायचा आणि माणसाने पाय टाकायचा. ‘आता’च्या आधी नाही आणि नंतरही नाही. एक्केचाळीस वर्षांत त्या फटीत एकच माणूस पडला, आणि तो नेमका नांगराचा मेहुणा. त्यावर बायको अजून बोलते. शेवाळावर चपला घालून चढता येत नसे, त्या होडीतच राहायच्या. दोन तास नांगर, त्याचा बांबू आणि तीस-चाळीस जोड चपला. कुठला जोड कुणाचा, हे त्याला कुणाला विचारावं लागत नसे.

म्हणजे गंमत बघा. हजारो लोकांना त्या दाराशी नेऊन सोडणारा माणूस स्वतः त्या दाराशी कधी गेलाच नव्हता. त्याचा बापही गेला नव्हता, तोही बांबू धरूनच म्हातारा झाला. लोक आपले धरून चालत की हा कधीतरी जाऊन आला असेलच, आणि हाही त्यांना तसं धरून चालू द्यायचा. लाज वाटायची, दुसरं काय.

नांगराच्या तिसऱ्या हंगामात बाई आल्या. शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिका, वय सत्तावीस, एक पाय लहानपणापासून अधू. बेटावर बदली झाली की इतर मास्तर रडकुंडीला येत. या बाईंनी ती मागून घेतली होती. त्यांच्या आईला जन्मभर या स्थानाला यायचं होतं आणि ते राहून गेलं, म्हणून. पहिल्याच रविवारी त्या चौथीची मुलं घेऊन होडीत बसल्या. मुलं एकेक करून पार झाली. बाईंची पाळी आली. नांगराने तीनदा ‘आता’ म्हटलं, आणि तिन्ही वेळा बाईंनी चांगला पाय पुढे केला नि मागे घेतला. मग त्या फळीवर बसल्या आणि मुलांना हाक मारून म्हणाल्या, नीट बघून या आणि मला सांगा. मुलं निघून गेल्यावर त्यांनी डोळे पुसले, पण असे, की बघणाऱ्याला वाटावं वाऱ्यानेच पाणी आलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, तुम्ही तर वरचं सगळं पाहिलं असेल ना. आता इथे खरं बोलायला काय जात होतं? पण सव्वीस-सत्तावीसचा गडी, समोर शिकलेली बाई रडवेली होऊन बसलेली. नाही म्हणायला त्याची जीभ रेटेना. पाहिलंय की, तो म्हणाला. मग सांगा, काय आहे? आणि नांगराच्या तोंडून निघून गेलं, की दाराच्या डाव्या हाताला दगडात एक होडी कोरली आहे. सगळे उतरून वर गेलेत, आणि होडीत एकटाच माणूस आहे, हातात बांबू घेऊन. बाईंनी लगेच पिशवीतून वही काढली आणि ते लिहून घेतलं. नांगराने खरं सांगून टाकायला तोंड उघडलं. पण लिहून झाल्यावर बाईंचा चेहरा असा काही खुलला होता, की आता शब्द मागे घ्यायचा त्याला धीर झाला नाही.

त्यानंतर बाई दर रविवारी येऊ लागल्या. धाकट्या बेटावर पुस्तक लिहायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. खाली उतरलेल्या प्रत्येकाला पकडून विचारायच्या, काय पाहिलं, आत अंधार किती, वास कसला, पायऱ्या किती. पायऱ्या कुणी एकशे बारा सांगे, कुणी एकशे चाळीस. बाईंनी मधला आकडा घेतला.

आणि लोक वर असताना त्या वाचून दाखवायच्या. नांगराची शाळा चौथीत सुटलेली. हात बांबूला अडकलेले, पण कान मोकळे. वाचनालयातून आणलेली कादंबरी असे, कधी प्रवासवर्णन, कधी चक्क कविता. कवितेला तो आधी नाक मुरडायचा, मग बांबू रेटता रेटता तीच पुटपुटायचा. ऐन रंगात आलेलं प्रकरण आणि वरून माणसं उतरताना दिसली की त्याचं डोकं फिरे. एवढ्या लांबून आलात तर बसा की घटकाभर, काय घाई आहे, असं तो दात खाऊन म्हणायचा. एकदा कादंबरीतली मुलगी घर सोडायला निघून दारात उभी होती, आणि तेवढ्यात यात्रेकरू आले. पुढचा रविवार येईपर्यंत नांगराला धड जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं पित्त झालं. वाचनालयातल्या पुस्तकांना डिझेलचा वास येतो अशी तक्रार आली, तेव्हा ती बाईंनीच ऐकून घेतली आणि बाईंनीच निकालात काढली, कारण वाचनालय त्याच बघायच्या.

दोन वर्षांनी पुस्तक छापून आलं. बासष्ट पानं, फिकट हिरवं पुठ्ठ्याचं कव्हर. बाईंनी आयुष्यात दुसरं पुस्तक लिहिलं नाही. त्यात एकतिसाव्या पानावर असं होतं: ‘दाराच्या डाव्या हाताला एक होडी कोरलेली आहे. तिच्यात एकटा माणूस आहे. सगळे वर गेले, हा खाली थांबला. कोरणाऱ्याला ठाऊक होतं, की कुणीतरी खाली होडी धरून ठेवतं म्हणून बाकीच्यांची यात्रा होते.’ हे पान लोकांना भारी आवडलं. शाळेत ते मोठ्याने वाचायचे. आणि खरी मजा पुढेच आहे. त्या वर्षापासून यात्रेकरू खाली येऊन नांगरालाच सांगू लागले, काय सुरेख होडी कोरलीय हो, अगदी तुमच्यासारखाच आहे तो माणूस. नांगर पहिल्यांदा गार पडला. मग वर्षामागून वर्षं हेच ऐकून त्याला वाटायला लागलं, असेलही बुवा. आपण अंधारात खडा टाकला आणि तो लागला.

अकरा हंगाम बाई होडीत आल्या. मग पाय आणखी गेला, धक्क्याच्या पायऱ्याही जड झाल्या, आणि त्या यायच्या थांबल्या. शेवटच्या रविवारी एक कादंबरी अर्धी नव्हे, शेवटची वीस पानं उरलेली असताना तुटली. ते पुस्तक वाचनालयात पडून होतं, बाईंच्या नादाने नांगराला आता स्वतःला वाचता येत होतं, पण त्याने ते कधी उघडलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला असता, वेळ नाही. पुढे पुढे रविवारी होडीत नुसतं इंजिन ऐकू येई. कधी कधी तो बाईंच्या फळीवर कुणाच्या चपला ठेवू देत नसे, आणि का ठेवू देत नाही हे लोकांना कळत नसे.

तर अशी वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या, वाचनालयामागच्या दोन खोल्यांत राहू लागल्या. नांगर पासष्टीचा झाला, होडी त्याची मुलगी चालवायला लागली. तो सवयीने धक्क्यापर्यंत जायचा आणि तिच्या बांबू धरण्यात चुका काढायचा.

आणि एका सकाळी बाईंचा निरोप आला, ताबडतोब या.

टेबलावर पत्र होतं. जुन्या वास्तूंची यादी करणाऱ्या सरकारी खात्यातलं. आपल्या पुस्तकात पान एकतीसवर होडीच्या कोरीवकामाचा उल्लेख आहे, आधीच्या कुठल्याच पाहणीत तो नाही, तरी चौदा तारखेला आमचे अधिकारी फोटो घ्यायला येत आहेत, कृपया सहकार्य करावं. बाई चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होत्या. चौदाच्या आधी एकदा वर जाऊन बघून या, शेवाळ धरलं असलं तर पुसून ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या. नांगर बरं म्हणाला आणि बाहेर आला.

बासष्ट पानांचं ते एकच पुस्तक, आणि त्यातलं लोकांच्या तोंडी बसलेलं एकच पान. उद्या तो साहेब येणार, भिंत बघणार, आणि यादीत लिहिणार की बाईंनी थाप मारली. थाप मारली कुणी, तर याने. तीन दिवस त्याला काही सुचलं नाही. चौथ्या दिवशी तो पाथरवटाकडून छिन्नी आणि हातोडी मागून घेऊन आला. एवढीशी होडी, त्यात एक माणूस. दोन तासांत जमेल, असं त्याने मनाशी ठरवलं.

पिशवीत छिन्नी बायकोला सापडली. मग सगळंच ओकावं लागलं. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, की माझ्याशी उभ्या जन्मात डिझेल आणि वारा सोडून बोलला नाहीत, चित्रं तेवढी बाईंसाठी काढलीत. मग तिने ती छिन्नी पिशवी फाडील म्हणून जुन्या फडक्यात गुंडाळून दिली. संसार म्हणतात तो हाच.

रविवारी मुलीने बांबू धरला. सगळे उतरले, शेवटी बाप उभा राहिला. मुलगी म्हणाली, ‘आता.’ आयुष्यभर दुसऱ्यांना ‘आता’ म्हणणाऱ्या माणसाचा पाय उचलेना. दुसऱ्या लाटेलाही नाही. खडकावरून बघणारे हसायला लागले. तिसऱ्या लाटेला त्याने डोळे मिटून पाय टाकला आणि चार पायांवर शेवाळात पोचला. पायऱ्या मोजायच्या असं त्याने ठरवलं होतं, पण साठाच्या पुढे धाप इतकी लागली की आकडे विसरला. बाईंचा मधला आकडा बरोबर असावा.

वर पोचल्यावर तो आधी दाराच्या डाव्या हाताला गेला. साधा दगड. होडी नाही, माणूस नाही, एक रेघसुद्धा नाही. फक्त छातीच्या उंचीवर एक जागा काळीभोर, गुळगुळीत झालेली, ओंजळीएवढी. त्याला कळेना ती कशाने झाली असावी. तेवढ्यात एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली, तिने त्या जागेवर हात ठेवला, मुलीचाही ठेवायला लावला आणि म्हणाली, हा बघ, खाली थांबतो तो होडीवाला. मुलगी म्हणाली, दिसत तर नाही. आई म्हणाली, हात लावून लावून झिजला गं, तुझ्या आजीने स्पष्ट पाहिला होता. मग तिने नांगराकडे बघून जागा सोडली. ‘काका, तुम्हीही लावा ना हात.’

त्याने हात ठेवला. दगड कोमट होता. एका थापेपायी किती माणसांनी इथे हात ठेवला असेल या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला. आता इथे छिन्नी चालवायची? पिशवी त्याने खांद्यावरून उतरवलीसुद्धा नाही. चढून पाय भरून आले होते, म्हणून तिथेच भिंतीला पाठ लावून तो टेकला आणि समोर बघितलं.

खाली, सरळ खाली, पाण्यावर होडी होती. त्याचीच. सगळे उतरून वर आलेले, आणि तिच्यात एकटं माणूस, हातात बांबू घेऊन. इतक्या वरून ती त्याची मुलगी आहे हेही ओळखू येत नव्हतं. तो असता तरी असाच दिसला असता. त्याचा बाप असाच दिसला असेल. एक्केचाळीस वर्षं लोक इथून आपल्याला बघत होते आणि आपल्याला वाटत होतं, आपल्याकडे कोण बघतंय. नांगर तिथे बसून ढसाढसा रडला. येणाऱ्याजाणाऱ्यांना त्यात काही वेगळं वाटलं नाही, तिथे बरेच जण रडतात.

संध्याकाळी तो तसाच बाईंकडे गेला. बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, ‘बाई, वर होडी नाही. कधीच नव्हती. मी त्या दिवशी खोटं बोललो. मी वर गेलोच नव्हतो कधी.’

‘ठाऊक आहे,’ बाई म्हणाल्या.

‘कधीपासून?’

‘त्याच दिवसापासून. धक्क्याला उतरल्यावर मी मुलांना पहिलं तेच विचारलं. एकालाही होडी दिसली नव्हती.’

नांगर मटकन खुर्चीत बसला. मग पुस्तकात घातलीत कशाला, असं त्याने विचारलं. बाईंनी चष्मा काढला.

‘मला वर जाता येणार नव्हतं. आईलाही नाही जमलं. जो खाली राहतो त्याचंही वर काहीतरी असावं, असं फार वाटायचं. तुम्ही ते आयतं आणून दिलंत.’ मग त्या चष्मा पुसत म्हणाल्या, ‘राग एकाच गोष्टीचा होता. त्या होडीत तुम्ही एकटेच. मी शेजारी बसले होते की.’

नांगराने खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या हाताला टेकून बसलं की खाली काय दिसतं, ते सांगितलं. सावकाश, काही न वाढवता. दगड कोमट होता हेसुद्धा. पहिल्यांदाच तो स्वतः पाहिलेलं सांगत होता. बाईंनी पुस्तक उघडलं, पेन घेतलं आणि पान एकतीसवरचा ‘कोरलेली’ हा एक शब्द खोडला. वाक्य उरलं: दाराच्या डाव्या हाताला एक होडी आहे. खाली त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, तिथे टेकून खाली पाहावं. मग पुढच्या वाक्यावर पेन थांबलं. ‘एकटा माणूस आहे’ त्यांनी खोडलं आणि वर लिहिलं, ‘दोन माणसं आहेत’.

नांगर म्हणाला, ‘अहो, पण होडीत आता पोरगी एकटी असते. हे पुन्हा खोटं पडेल.’

‘मग ते खरं करायचं तुमच्याकडे लागलं,’ बाई म्हणाल्या.

चौदा तारखेला सकाळी बेटाने पाहिलं ते असं. पुढे नांगर, मागे त्याची मुलगी, आणि मधे खुर्चीत बसून बाई, धक्क्याच्या पायऱ्या उतरताहेत. खुर्ची हलली की बाई ‘सांभाळून’ म्हणत आणि नांगराची बायको वरून ‘पाडा आता माझ्या भावासारखं’ म्हणत होती. बाईंना त्यांच्या फळीवर बसवलं. खात्याचा साहेब आला, तरुण पोरगा, गळ्यात कॅमेरा. बाईंनी त्याला खोडलेलं पान दाखवलं आणि कोरीवकाम नाही, चूक लेखिकेची आहे, असं स्पष्ट सांगितलं. साहेबाने विचारलं, मग वर काय बघायचं? जाऊन तर या, बाई म्हणाल्या.

धाकट्या बेटाशी नांगराने बांबू हातात घेतला. ‘आता’ म्हणत एकेकाला पार केलं, साहेबाला, शेवटी मुलीलाही. इतकी वर्षं होडीवर काढून तीही कधी वर गेली नव्हती. चपलांचे जोड आणि दोघं, एवढंच होडीत उरलं. बाईंनी पिशवीतून जुनं पुस्तक काढलं. त्याला अजून डिझेलचा वास होता. सत्तावीस वर्षांमागची खूण तशीच होती, शेवटच्या वीस पानांपाशी. बाईंनी मागचं जरा आठवून सांगितलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज थकला होता, पण थांबायच्या जागा त्याच. नांगर बांबू रेटत राहिला आणि ऐकत राहिला.

मंडळी लवकरच उतरली, नेहमीसारखी. साहेब म्हणाला, आमच्या यादीत याच्यासाठी रकाना नाही हो, आणि मग जरा घुटमळून, पण मी पाहिलं. मुलगी खडकाच्या काठावर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘दोघंही दिसता.’

बाईंनी मान वर केली नाही. एक पान उरलं होतं. लाट आली, होडी खडकाच्या पातळीला उचलली गेली, मुलीने पाय पुढे केला आणि बापाकडे बघितलं. नांगर गप्प. दुसरी लाट आली नि गेली. तिसरीही. काठावर माणसं खोळंबली, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला झालंय काय. बाईंनी शेवटची ओळ वाचली, पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. मग पुढच्या लाटेला नांगर म्हणाला, ‘आता.’